गेममास्तरचं नाव

शेजारच्या काकूंकडे माझा फोन आला की तो बहुतेक नितीनचाच असतो. नितीन माझा धाकटा भाऊ, मीरा रोडला आईबाबांजवळ राहतो. लग्न होऊन मी नाशिकला आले, तरी अधूनमधून त्याचा फोन येतो आणि आधी इकडच्यातिकडच्या गप्पा मारून मग तो कामाचं बोलतो. त्या दिवशी त्यानं गप्पा मारल्या नाहीत. "ताई, मिल्या गेला," म्हणाला. मी म्हटलं, अरे, परवा तर तू म्हणालास की बरं वाटतंय त्याला… काकू समोर भाजी चिरत होत्या, त्यांनी विळी बाजूला सारली. मला रडूबिडू काही आलं नाही. राग आला. सव्वीस हे काय जायचं वय आहे?

तळमजल्यावरच्या मिलिंदला, आमच्या मिल्याला, कावीळ झालीय हे मला ठाऊक होतं. मीरा रोडच्या आमच्या पूनम सागर वसाहतीत काविळीचं कुणाला नवल नव्हतं. टँकरचं पाणी पिणाऱ्या त्या बिल्डिंगांमध्ये प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी पिवळं पडून बरं झालेलं असायचं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तो खाली त्यांच्या दारात खुर्ची टाकून उन्हात बसला होता. डोळे हळदीसारखे. मी म्हटलं, मिल्या, एवढा उसाचा रस ढोसतोयस, पोटात गुऱ्हाळ काढलंयस का? हसला, पण हसण्यात दम नव्हता. खारी गावातली एक म्हातारी काविळीवर मुळीचं औषध देते, ते चालू होतं. आमच्याकडे सगळेच तिचं औषध घेतात आणि बरेही होतात. पुढे तिनंच सांगितलं म्हणे, "आता माज्या हातात काय न्हाय, डॉक्टरकडं न्या याला." नेलं. पण तोवर आतलं सगळं बिघडलं होतं… आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची? मोडून तो परत येणार आहे का?

मिलिंद वेरळकर हे नाव वाचून तुम्हाला काहीही आठवणार नाही. तेच तर त्याचं दुखणं होतं. पण 'गेममास्तर' म्हटलं, तर चार-पाच वर्षांपूर्वी शाळेत असलेल्या काही मुलांना नक्की आठवेल. एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत, मुलांच्या पानावर, शब्दकोड्याच्या वर त्या नावानं व्हिडिओ गेमचं सदर यायचं. ते सदर मिलिंद लिहायचा, कॉलेजात असताना, आमच्या बाहेरच्या खोलीत बसून. त्याखाली एकदा तरी आपलं खरं नाव छापून यावं, आणि ते आपल्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणसाच्या इच्छा याहून किती मोठ्या असतात… याची एवढुशी होती.

त्याचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्यावरून पान छापायचं. पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला, आणि हातात जे काही आलं त्यातून त्यांनी मीरा रोडला तळमजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. आम्हीही त्याच सुमारास मुंबईतली खोली विकून तिथंच तिसऱ्या मजल्यावर आलो. तेव्हा मीरा रोड म्हणजे अर्धवट उभ्या बिल्डिंगा, मधे चिखल, आणि पलीकडे मिठागरं. मुंबई सुटल्याचं दुःख आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांनाच होतं. अण्णांना जरा जास्त होतं, कारण त्यांचं कामही तिकडेच राहिलं होतं. ते दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे. वाचायचे म्हणजे तपासायचे. छापलेल्या पानावर पेन्सिलीनं चुका काढत बसायचे, आणि कुठल्या लेखाखाली नाव नसलं की म्हणायचे, "ज्यानं काम केलं त्याचं नाव पाहिजे. बिननावाचा मजकूर म्हणजे जाहिरात." आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जुळवलेला माणूस तो. त्यांचं स्वतःचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं.

आता गेमचं सांगते. आमचा मामा मस्कतला होता. त्यानं नितीनसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. यंत्र नितीनचं, पण खेळायला लागले मी. मला स्वतःलाच कळलं नाही, पण त्या गेममध्ये माझा हात असा बसला की बिल्डिंगीतली सगळी पोरं मागे पडली. रणगाड्यांचा असो, विमानाचा असो, की उड्या मारत पळणाऱ्या माणसाचा; पुढचा खड्डा कुठे येणार, दुश्मन कुठल्या कोपऱ्यातून निघणार, हे माझ्या अंगठ्यांना आधी कळायचं. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची, की चालू. आई कपाळाला हात लावायची. मुलीच्या जातीनं विणकाम शिकावं, ही बंदुका चालवतेय, असं तिचं. मिलिंद मात्र खेळण्यात साफ ढ. पहिल्या खड्ड्यात पडायचा तो तिथंच. कितीदा दाखवलं तरी उडी मारायच्या वेळेला त्याचा अंगठा थिजायचा. पण बघायला त्याला फार आवडायचं. मी खेळायची, तो मोढ्यावर बसून बघायचा, आणि मग खाली जाऊन पोरांना असं रंगवून सांगायचा की पोरं माझा खेळ सोडून त्याचं ऐकायला बसायची.

तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना अण्णांच्या ओळखीनं एका उपसंपादकांकडे गेला. त्यांचं नाव शिंगरे. काहीतरी लिहायला द्या म्हणाला. शिंगरे म्हणाले, कविता नको, कथा नको, पोरांना हल्ली ते व्हिडिओ गेमचं वेड लागलंय त्यावर देतोस का? मिलिंद हो म्हणून आला. जिना चढून थेट आमच्याकडे. मी म्हटलं, अरे गाढवा, तुला तर खेळताच येत नाही. तर म्हणतो, "तू खेळ ना. मी लिहितो." सदराला नाव शिंगऱ्यांनीच दिलं, गेममास्तर. याचं नाव कुठेच नाही. त्यानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, कॉलेजच्या पोराचं नाव टाकलं तर उद्या सगळं कॉलेज माझ्या दारात उभं राहील. आधी पदवी घे, मार्कशीट आणून दाखव, मग तुझं नाव टाकतो. त्यांनी हे कितपत मनापासून सांगितलं देव जाणे, पण मिलिंदनं ते गाठीला बांधलं. बी.ए. व्हायचं, मग नाव. त्या दिवसापासून त्याच्या कॉलेजला तेवढा एकच अर्थ उरला.

आमची कामाची पद्धत मोठी अजब होती. मी टीव्हीसमोर मांडी घालून खेळायची आणि तोंडानं सांगत जायची… आता डावीकडे शिडी आहे, ती घ्यायची नाही, फसवी आहे, पुढं दोन उड्या मार, तिसरी थांबून मार. तो मागं कागद घेऊन लिहायचा. मधेच म्हणायचा, थांब, थांब, परत पड. मी म्हणायची, आता मुद्दाम पडू? तर म्हणायचा, पडल्याशिवाय पोरांना कळणार कसं की कुठं पडायचं नाही? मग त्याच्यासाठी मी मुद्दाम मरायची. आईचा हुकूम होता की दार सताड उघडं राहिलं पाहिजे. ती स्वतः तांदूळ निवडत दाराशी बसायची. बिल्डिंगीत जे बोलायचं ते लोक बोललेच. समोरच्या शहाभाभींनी तर आईला सरळ विचारलं, "लडका रोज आता है, कुछ पक्का किया क्या?" आईनं तीन दिवस मला गेम लावू दिला नाही, आणि त्या आठवड्याचं सदर मिलिंदनं आठवून आठवून लिहिलं. आता तो नाही, तर सांगून टाकते: प्रेमबीम तसलं काही नव्हतं. असतं तर मी सांगायला लाजले नसते. पण दोघांनी मिळून एक काम करायचं, आणि ते शनिवारी छापून आलेलं बघायचं, याची जी ओढ असते ती मला पुढे कशाचीच लागली नाही.

त्याच्या लिहिण्याची गंमत ही की ते मुलांना गेम जिंकायला शिकवायचंच नाही नुसतं. ज्यांच्याकडे गेम नाही त्यांच्यासाठी तो लिहायचा. त्या काळात यंत्र होतं कुणाकडे? शंभरातल्या एखाद्याकडे. बाकीचे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळणार, नाहीतर खिडकीतून बघणार. मिलिंद असं लिहायचा की वाचता वाचताच खेळून व्हायचं. खड्डा आला की वाक्य संपायचं आणि पुढच्या ओळीत उडी. कोकणातल्या कुठल्याशा गावातून एका मुलाचं पत्र आलं होतं, की आमच्याकडे टीव्हीपण नाही, पण मी आणि माझी बहीण अंगणात खडूनं आखून तुमचा गेम खेळतो. ते पत्र त्यानं मला आमच्याच दारात उभं राहून वाचून दाखवलं. वाचताना आवाज घोगरा झाला होता, आणि वर मलाच म्हणाला, सर्दी झालीय.

एकदा मात्र आम्ही चांगलेच तोंडावर आपटलो. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. मिलिंदनं एका सैनिकाच्या गेमवर लिहिताना त्या सैनिकाला निळा गणवेश दिला, झाडाला पिवळी फळं लावली, किल्ल्यावर लाल निशाण फडकवलं. सगळं मनाचं. पुढच्या आठवड्यात शिंगऱ्यांनी पत्रांचा गठ्ठाच हातात दिला. मास्तर, आमच्याकडे तो सैनिक हिरवा आहे, तुमचा निळा कसा? मास्तर, फळं लाल आहेत. एकानं तर चित्र काढून, रंगवून पाठवलं होतं. मला हसू आवरेना. मी म्हटलं, लिही की मास्तरांकडे परदेशातली खास कॅसेट आहे, म्हणून रंग वेगळे. पोरांना काय कळतंय. पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच. म्हणाला, जे बघितलं नाही ते मी छापायला दिलं. अण्णांना कळलं तर काय म्हणतील? पुढच्या सदरात त्यानं कबूल केलं, की मास्तरांच्या घरी साधा टीव्ही आहे, रंग मास्तरांना दिसत नाहीत, चूक झाली. शिंगरे वैतागले, सदराची शान गेली म्हणाले. त्यानंतर त्यानं एकाही रंगाचं नाव लिहिलं नाही. शेवटपर्यंत नाही. असा हट्टी माणूस. मला तेव्हा तो निव्वळ बावळटपणा वाटला होता.

अण्णा दर शनिवारी ते सदर वाचायचे. मिलिंद पान त्यांच्यापुढे ठेवायचा आणि उगाच चपला नीट लावत दाराशी घुटमळायचा. अण्णा चष्मा पुसून, पान नाकाला लावून वाचायचे, दोन ठिकाणी पेन्सिल मारायचे आणि म्हणायचे, "बरं लिहिलंय. कुणाचंय?" माझंच आहे की अण्णा, तो म्हणायचा. "इथं तर गेममास्तर लिहिलंय." ते मुद्दाम टोचायला म्हणत नव्हते. त्यांच्या लेखी खाली जे नाव जुळवलंय ते त्या मजकुराचं, विषय संपला. तो जिना चढून आमच्याकडे यायचा. त्याच्या पायाच्या आवाजावरून मला कळायचं की आज शनिवार आहे. त्यातच अण्णांचे डोळे गेले… म्हणजे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पानाच्या कडेचं त्यांना दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर व्हायला लागलं. त्या दिवसानंतर मिलिंदच्या पदवीमागे घड्याळ लागलं. अण्णांची नजर आहे तोवर बी.ए. व्हायचं, आणि तोवर नाव यायचं.

आणि नेमका शेवटच्या वर्षाला तो एका पेपरात गेला. जाणारच होता. सदर वेळेवर द्यायचं, पत्रांना उत्तरं द्यायची, अण्णांना दवाखान्यात न्यायचं, यातून अभ्यासाला बसणार कधी? निकाल लागला त्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, लाव, गेम लाव. मी लावला. सदर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं खेळ स्वतः हातात घेतला, आणि पहिल्या खड्ड्यात पडला. परत लावला, परत पडला. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिनं चहा आणून ठेवला, आणि त्या दिवशी दारात बसली नाही. पुढे तो ऑक्टोबरच्या परीक्षेला बसला. ते सगळे महिने मी त्याला कमी बोलू द्यायची, खेळून झालं की सरळ घरी पाठवायची, सदरासाठी सगळं नीट क्रमानं सांगायची म्हणजे त्याचा वेळ जाऊ नये. माझंही शेवटचं वर्ष होऊन गेलं होतं, माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पण माझं लक्ष त्याच्या निकालाकडे. अण्णांना तोवर फक्त मोठ्या अक्षरातले मथळे दिसत होते. सदराचं नाव दिसायचं, मजकूर मी नाहीतर मिलिंद वाचून दाखवायचा.

पास झाला. साधाच पास, पण झाला. मार्कशीट हातात पडल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून शिंगऱ्यांकडे गेला. मी गॅलरीत उभी होते, वाट बघत, जशी काही माझीच नेमणूक व्हायची होती. तो संध्याकाळी आला. चालण्यावरूनच कळलं. म्हणाला, सदर बंद केलं त्यांनी. पुरवणीची पानं कमी झालीत, जागा नाही म्हणाले. मी शिंगऱ्यांना तिथल्या तिथं ज्या शिव्या दिल्या त्या इथं छापता येणार नाहीत. दोन वर्षं पोराला झुलवलं आणि आयत्या वेळी पान बदललं! तो म्हणाला, जाऊ दे सुषे, होतं असं. अण्णांना काय सांगितलंस, मी विचारलं. सांगितलं जे झालं ते, म्हणाला.

मग तो स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागला. बापाचं काम शिशातून संगणकावर आलं, एवढंच. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांची पत्रकं. माझी लग्नपत्रिकाही त्यानंच जुळवली. माझं नाव जरा मोठ्या टाइपात टाकलं म्हणून बाबा कुरकुरले, तर म्हणाला, काका, हिचं एकदा तरी नीट छापून येऊ द्या. तेव्हा आम्ही सगळे हसलो. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. लिहिणं त्यानं परत केलंच नाही. मी नाशिकहून आले की छेडायची, काय मास्तर, नवीन काही? तो म्हणायचा, खेळाडू नाशिकला गेली, आता काय लिहिणार.

मिलिंद गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला पोचता आलं नाही. नंतर गेले, एका दुपारी. मिलिंदची आई आत होती, तिनं माझा हात धरला. अण्णा खिडकीपाशी बसले होते. आता त्यांना उजेड आणि काळोख एवढंच कळतं. "कोण?" म्हणाले. मी सुषमा, तिसऱ्या मजल्यावरची. "अस्सं… ये, बैस." मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, अण्णा, त्या शिंगऱ्यांनी सदर बंद केलं नसतं तर निदान त्याचं नाव तरी आलं असतं हो. तुम्हाला वाचता आलं असतं. अण्णांनी मान हलवली. म्हणाले, सदर त्यांनी बंद नाही केलं. नाव टाकायला शिंगरे तयार होते.

मग त्यांनी सांगितलं. शिंगऱ्यांनी मार्कशीट पाहिली, शाबासकी दिली, म्हणाले, येत्या शनिवारपासून मिलिंद वेरळकर. तर आमचा मिलिंद म्हणाला, माझ्या नावाबरोबर सुषमा दळवी हेही पाहिजे, कारण खेळते ती. शिंगरे हसले. ती काय लिहिते, नुसती खेळते. आणि मुलाचं नि मुलीचं नाव असं शेजारी शेजारी छापलं तर वाचकांना लग्नपत्रिका वाटेल. एकच नाव येईल, तुझं. यावर मिलिंद काय बोलला ते अण्णांनी त्याच्याच शब्दांत सांगितलं: "दोन नावं टाका, नाहीतर एकही नको." शिंगऱ्यांनी एकही नाही टाकलं. मिलिंद उठून आला, सदर तिथंच सुटलं. "मला म्हणाला, सुषमाला सांगू नका, ती शिंगऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसेल."

बसलेच असते. पण आधी याच्या डोक्यावर बसले असते. मूर्खा, मला विचारलंस का? मला कधी हवं होतं नाव? मी मजेनं खेळत होते, माझं चाललं होतं. तुला हवं होतं, अण्णांना हवं होतं, अण्णांचे डोळे चालले होते, आणि तू हातात आलेलं नाव माझ्यापायी टाकून आलास? आणि वर मलाच खोटं सांगितलंस… मी हे सगळं तिथं अण्णांच्या समोर मोठ्यानं बोलले. मग रडले. नितीनचा फोन आल्यापासून पहिल्यांदा रडले. अण्णा म्हणाले, "मलाही वाईट वाटलं होतं पोरी. तोंडावर आलेला घास गेला. पण बोलणार काय? मीच शिकवलं होतं त्याला, ज्यानं काम केलं त्याचं नाव."

मग त्यांनी मिलिंदच्या आईला कपाटातून काहीतरी काढायला सांगितलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, हाताला जड. छापखाना मोडला तेव्हा अण्णांनी मथळ्याचे थोडे मोठे खिळे आठवण म्हणून आणले होते, ते मला ठाऊकच नव्हतं. शिंगऱ्यांकडून आल्यावर त्याच आठवड्यात मिलिंदनं ते त्यांच्यापुढे ओतले आणि म्हणाला, अण्णा, जुळवा. नजर जवळजवळ गेलेली, तरी बोटांनी चाचपून चाचपून अण्णांनी ओळ लावली. जे खिळे कमी पडले ते मिलिंद एका बंद पडलेल्या प्रेसमधून मागून घेऊन आला. ती ओळ दोऱ्यानं घट्ट बांधलेली माझ्या हातात होती. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात, मला वेळ लागला. अण्णांनी ओळ मांडीवर घेतली आणि वरून बोट फिरवत, न अडखळता वाचली. मिलिंद वेरळकर आणि सुषमा दळवी. ते म्हणाले, हे डोळ्यांशिवाय वाचता येतं, रोज वाचतो. मिलिंदची आई म्हणाली, तो गेल्यापासून दिवसातून कितीतरी वेळा हेच चाललेलं असतं, जेवायलाही उठवावं लागतं. मी निघाले तेव्हाही त्यांचं बोट त्या ओळीवरच होतं, आणि माझ्या नावावरूनही ते तितक्याच सावकाश फिरत होतं.

नाशिकला येऊन हा लेख लिहायला बसले. लिहिण्याची सवय नाही, चुका असतील. पुरवणीच्या संपादकबाईंनी लेख ठेवून घेतला आणि विचारलं, खाली नाव काय टाकू? मी म्हटलं, दोन टाका. त्या म्हणाल्या, अहो, ते तर वारलेत, लेख तुम्ही लिहिलाय, आणि दळवी हे आता तुमचं आडनावही नाही. सगळं खरं होतं. पण सांगायचं आणि त्यानं मागं बसून ऐकायचं, याशिवाय मला एक ओळही सुचली नसती. मी म्हटलं, बाई, दोन नावं टाका, नाहीतर एकही नको.

— मिलिंद वेरळकर
सुषमा दळवी